बाबांचा कान

आमच्या घरात आईचं पातळ विरलं की त्यातला सगळ्यात मऊ तुकडा आधी बेअरिंगसाठी निघायचा. उरलेल्यात आम्ही भांडी पुसायचो. खडकीत बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि मधे दार नव्हतं, नुसता पडदा. त्यामुळे ग्रीसचा वास भाताला लागायचा आणि आईच्या फोडणीचा खकाणा गिऱ्हाइकाच्या नाकात जायचा. लोक शिंकत शिंकत क्लचप्लेट विकत घ्यायचे. दुकानात मोटारसायकलींचे पार्ट. नवे, गाडीच्या कंपनीचे नाहीत. बाहेरच्या लोकांनी बनवलेले, अशा पार्टना आम्ही बाजारू माल म्हणायचो. त्या बाजारू मालातून चांगला माल वेचायचा आणि विकायचा, हा बाबांचा धंदा.

बाबा वाशीमकडचे. तरुणपणी पुण्यात आले, लष्कराच्या जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराच्या हाताखाली राबले आणि मग स्वतःचं दुकान घातलं. इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा तसूभर बदलली नाही. पेठेतली मंडळी दुकानात येऊन त्यांना मुद्दाम बोलतं करायची आणि गालात हसायची. बाबांना ते कळायचं. ते आणखी ठासून बोलायचे. एखाद्याने "काका, हे ओरिजिनल आहे का?" विचारलं की म्हणायचे, "ओरिजनल मायबाप असते, बापा. पार्ट चांगला असते नाई तं खराब असते." आईही तिकडचीच. तिची पातोडीची भाजी खाऊन पुणेरी माणसाच्या डोळ्यातून पाणी यायचं आणि तो तरीही वाटी पुढे करायचा. मी चौथीपर्यंत शिकले. आईला दम्याचा त्रास होता, घरात हाताखाली कोणी हवं होतं, म्हणून शाळा सुटली. मला काही वाईट वाटलं नाही. शाळेत मी हुशार नव्हते, दुकानात होते.

त्या काळात एक दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक गाडी होती. तिला दोन सिलिंडर, म्हणून पोरं तिला जुळी म्हणायची. पळायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. कंपनीने ती बनवणं बंद केलं आणि ज्यांच्याकडे होती त्यांना ती जास्तच प्यारी झाली. तोवर कंप्युटरच्या नोकऱ्या आल्या होत्या. ज्या मुलांच्या बापांनी आयुष्यभर सायकल मारली, ती मुलं पंचविशीत खिशात पैसे घेऊन जुन्या जुळ्या शोधत फिरायची. गाडी मिळायची, पार्ट मिळायचे नाहीत. म्हणजे मिळायचे, फार मिळायचे, तीच अडचण होती. बाजार खुला झाला असं सगळे म्हणत होते. आमच्या लेखी तो खुला झाला म्हणजे एकाच पिस्टनचे पाच भाऊ बाजारात आले, कोणी दिल्लीचा, कोणी राजकोटचा, कोणी तैवानचा, आणि पाचही जणांचा डबा सारखा. गॅरेजमधून रिकामे डबे विकत घेणारे लोक होते. जुन्या चांगल्या डब्यात नवा कसला तरी माल भरून तो परत यायचा. म्हणून बाबा डबा शेवटी बघायचे.

पार्ट कसा निवडायचा हे मी त्यांच्याकडे बघून शिकले, त्यांनी शिकवलं असं नाही. पिस्टन आला की ते त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवायचे. बाहेरून सगळेच चकचकीत करतात, आतून कोणी करत नाही. आत खरबरीत लागलं की ओतकाम घाईचं. जुळीचे दोन पिस्टन सारख्या वजनाचे लागतात, नाहीतर इंजिन थरथरतं. त्यासाठी दुकानात किराणावाल्याचा जुना तराजू होता. एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा. काटा हलला की जोडी मोडायची आणि दुसरी लावायची. ऑइलसील असलं तर दुमडून सोडायचे. झटकन सरळ झालं तर रबर ताजं. ब्रेकशूचा वास घ्यायचे. कनेक्टिंग रॉड बोटावर टांगून पान्याने वाजवायचे. घंटेसारखा लांब आवाज आला तर सलग, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर. आणि बेअरिंग असलं की सगळं बाजूला ठेवून, आधी पुसून, डाव्या कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि हळूच फिरवायचे. दुकानात बोलणं थांबायचं. मग ते दोनपैकी एक शब्द बोलायचे. "चालते." किंवा "फेक."

ह्या दोन शब्दांसाठी लोक कोथरूडहून यायचे, हडपसरहून यायचे. दुसरीकडून घेतलेला मालसुद्धा घेऊन यायचे. बाबा त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कानवाले काका म्हणून त्यांचं नाव झालं होतं. पलीकडच्या गॅरेजचे युसूफभाई तर काकांनी बेअरिंग ऐकल्याशिवाय उघडलेलं इंजिन परत जोडायचेच नाहीत. आता माझा मुलगा मोबाईलवर तारे बघून पार्ट मागवतो. चार तारे, साडेचार तारे. मी विचारलं, हे तारे देतो कोण? म्हणाला, लोक. कोण लोक? ते त्याला माहीत नव्हतं. आमच्याकडे एकच तारा होता आणि तो स्टुलावर बसलेला असायचा.

त्यांचा कान कधी गेला, मला सांगता येणार नाही. त्यांची आई म्हातारपणी ठार बहिरी होती, तेव्हा घराण्यातच असेल. आईला आधी कळलं असावं. ती त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोलायला लागली होती आणि मला वाटायचं, म्हातारपणी हिला नवऱ्याचं तोंड बघायची हौस आली. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाचं बेअरिंग बाबांनी कानाला लावलं, फिरवलं, आणि मला चार हातांवरून ऐकू आलं. वाळूत चमचा घासावा तसा आवाज. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चालते." मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. बेअरिंग कागदात बांधायला माझ्याकडे आलं, तेव्हा मी मागच्या फळीवरचं दुसरं, चांगलं, बांधून दिलं. त्या दिवशी दुकान बंद करताना मी त्यांच्या पाठीशी उभी राहून साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, दुकानाला आग लागली." ते फुटाणे खात होते. खात राहिले. मला आधी हसू आलं, आणि मग ते अर्ध्यातच गेलं.

पुढचं आम्ही ठरवलं नाही. ते होत गेलं. बाबा आलेलं बेअरिंग आधी माझ्याकडे टाकायला लागले. "पूस वं." मी दाराशी पाटावर बसलेली असायची, पुढ्यात रॉकेलची ताटली. मी ते धुवायची, पुसायची, आणि पुसता पुसता केस मागे सारल्यासारखं करून कानाजवळ एकदा फिरवायची. चांगलं असलं तर फडक्यावर ठेवून परत द्यायची. खराब असलं तर नुसतं, उघड्या फळीवर. बाबा ते उचलायचे, कानाला लावायचे, डोळे मिटायचे. फडकं असलं तर "चालते." नसलं तर "फेक." आम्ही याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. जेवतानाही नाही. आईला माहीत होतं, तीही नाही बोलली. मी तेव्हा विशीत होते, माझं लग्न बघणं चाललं होतं, आणि बघायला येणारे विचारायचे, मुलगी काय करते? आई सांगायची, घरकाम. मी मनात म्हणायची, अख्ख्या पुण्याच्या जुळ्या माझ्या कानावर चालल्यात. हे मनात म्हणणं वाढत गेलं. ते इथे लिहायला हवं, कारण नुसतं बाबांवरच्या मायेने मी ते करत होते असं कोणाला वाटायला नको.

रविवारी सकाळी आमच्या दुकानापुढे जत्रा असायची. पोरं पहाटे सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या पुढे गाड्या पळवायला जायची आणि परत येताना आमच्याकडे थांबायची. आई डाळीचे वडे तळायची. पोरं फुटपाथवर उभी राहून खायची, गाड्यांच्या गप्पा मारायची, बाबांना पार्ट दाखवायची. त्या सुमारास तिथेच त्यांच्यातल्या एकाच्या जुळीचं इंजिन भर वेगात असताना आतून धरलं, म्हणजे जाम झालं. इंजिन धरलं की मागचं चाक धरतं, आणि मग गाडी माणसाला फेकते. पोरगा वाचला, पण त्याच्या खांद्यात स्टीलची पट्टी घालावी लागली. त्यातलं खराब बेअरिंग आमच्याकडचं नव्हतं. तरी त्यानंतर मी प्रत्येक बेअरिंग दोनदा फिरवायला लागले होते.

त्यांच्यात एक मंदार होता. सदाशिव पेठेतला, कंप्युटरवाला, सडपातळ, तोंडाचा तिखट. पण बाबांना मानायचा. स्वतःच्या गाडीतला एक नटसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. त्याने इंजिन उघडलं होतं आणि क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, दोन बेअरिंग अमेरिकेतल्या भावाकडून मागवली होती. एका रविवारी तो ती घेऊन आला. छोटा निळा डबा, त्यावर चित्र नाही, काही नाही. सगळी पोरं भोवती गोळा झाली. युसूफभाईही गॅरेज सोडून आले. बाबांनी दोन्ही बेअरिंग माझ्याकडे दिली. "पूस वं."

मी एक धुतलं, पुसलं, फिरवलं. ते खुळखुळलं. वाळूचा आवाज नव्हता, पण सैल, पोकळ, लहान मुलाच्या खेळण्यासारखा खुळखुळाट. दुसरं फिरवलं, तेही तसंच. असं बेअरिंग मी कधी ऐकलं नव्हतं. लोणीचा पोरगा माझ्या डोळ्यासमोर आला. मी दोन्ही उघड्या फळीवर ठेवली.

बाबांनी फळीकडे पाहिलं. फडकं नाही हे त्यांनी पाहिलं, मला खात्री आहे. मग एक बेअरिंग उचललं, पण कानाला लावलं नाही. आतली कडी अंगठ्यात आणि बोटात धरली आणि बाहेरची हलवत राहिले, बारीक, बराच वेळ. मग लोकांसाठी कानाला लावून एकदा फिरवलं आणि म्हणाले, "चालते. भल्लं चांगलं हाय."

पोरांनी ओरडा केला. मंदारने खिशातून रुमाल काढून बेअरिंग गुंडाळायला घेतलं. मी उठले, त्याच्या हातातून ते काढून घेतलं, पुन्हा पुसलं आणि पुन्हा उघड्या फळीवर ठेवलं. बाबा म्हणाले, "पाह्यलं मी. चालते."

"नाही चालत," मी म्हटलं.

"काय?"

"नाही चालत!"

"काहून नाई चालत?"

मंदार एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, या दुकानात दोन दोन निकाल लागतात का? मग अपील कुठे करायचं तेही सांगा." सगळे हसले. बाबाही हसले, बाकीचे हसले म्हणून.

तेवढ्यात मी ते बोलले. "खुळखुळतंय ते. बाबांना ऐकू येत नाही. कधीचंच येत नाही."

वडे चावायचे थांबले. युसूफभाई म्हणाले, "क्या बोल रही है बेटी, सुबह सुबह." मग ते बाबांच्या पाठीमागे गेले आणि म्हणाले, "काका." मग जरा मोठ्याने, "काका." बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. पडद्याआड कढईत वडा सोडल्याचा आवाज झाला आणि तोही मग थांबला.

माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले ते बाबांना ऐकूच गेलं नव्हतं. इतक्या लोकांत त्यांनाच तेवढं माहीत नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाली हे?" कोणी सांगेना. पोरं जमिनीकडे बघत होती. शेवटी युसूफभाई समोर आले आणि त्यांनी, बिचाऱ्यांनी, एक बोट स्वतःच्या कानाला लावून हलवलं.

बाबांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातलं फडकं घडी करून फळीवर ठेवलं आणि पडदा सारून आत गेले. मंदारने दोन्ही बेअरिंग फळीवरून उचलली. "म्हणजे इतके दिवस काका नक्की काय ऐकत होते?" तो म्हणाला, आणि दोन्ही परत फळीवर ठेवून पुढे म्हणाला, "राहू देत. शोभेला ठेवा." गाडी नव्हतीच, तो चालत गेला. बाकीचे पांगले. मी म्हणत होते, "आधीचं सगळं बरोबर आहे, ते मी ऐकत होते, काळजी करू नका." मला वाटत होतं, याने काही सावरेल. एक पोरगा मागे रेंगाळला, पिशवीतून कनेक्टिंग रॉड काढून हळूच म्हणाला, "ताई, मग हे जरा तुम्हीच बघता?" मी तो रॉड घेतला. बोटाला टांगला. वाजवला. हेही लिहिते.

आत गेले तर आई कढई खाली उतरवून बसली होती. म्हणाली, "काहून बोलली तू?"

"पोराचा जीव गेला असता."

"मंग बाहेर जाऊन सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी गाठायचं त्याले. पाय नाईत तुले?"

पाय होते. मंदार रोज गॅरेजवर यायचा, युसूफभाईंच्या कानात सांगता आलं असतं. घाबरले होते हे खरं, पण भीतीने माणूस ओरडतं, एवढं स्पष्ट बोलत नाही. मी अगदी स्पष्ट बोलले होते. आणि ते बोलल्यावर सगळी डोकी माझ्याकडे वळली, तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं होतं. त्या एका क्षणाची मला जितकी लाज वाटते, तितकी बाकी कशाची वाटत नाही.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून बाबा निघाले, दुकानात जाऊन परत आले. एका हातात एक जुना क्रँक, दुसऱ्या हातात मंदारचं बेअरिंग. आईकडे न बघता त्यांनी वड्यांची कढई परत शेगडीवर चढवली आणि तेल तापल्यावर बेअरिंग त्यात सोडलं. आईने पिठाचं भांडं बाजूला ओढलं. तापलं तसं बाबांनी सांडशीने ते बाहेर काढून क्रँकच्या दांड्यावर धरलं आणि ते सुळकन आत जाऊन बसलं. तेल निथळलं. मग ते निवायची वाट बघत आम्ही तिघं बसून राहिलो. निवल्यावर त्यांनी क्रँक उचलून माझ्या कानाजवळ आणला आणि बेअरिंग फिरवलं.

"काय आयकू येते?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"मले बी," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं, रागावून नाही, गिऱ्हाइकाला समजावतात तसं. पळणाऱ्या गाडीचं बेअरिंग मुद्दाम सैल बनवतात. दांड्यावर चढलं की आतली कडी ताणते आणि ते भरून बसतं. इंजिन तापलं की उरलंसुरलं भरतं. आधीच घट्ट असलं तर तापल्यावर आवळतं, आणि तेच इंजिनाला धरतं. हातात घेतल्यावर शांत वाटलं म्हणजे वेगात चांगलं, असं नसतं. किती सैल असावं ते कानाला कळत नाही, बोटांना कळतं. हे सांगताना त्यांनी माझी बोटं धरून बेअरिंगवर ठेवली आणि दुसरं, न चढवलेलं, हलवून दाखवलं. मला तेव्हा पटकन कळलं की शांत म्हणून मी फडक्यावर ठेवलेली सगळी काही चांगली नसतील, आणि बाबांनी त्यातली काही नंतर बोटांनी चाचपून गुपचूप बदलली असतील. फळीवर कधी कधी न विकलेली बेअरिंग मागे पडलेली दिसायची. मला वाटायचं, ती मीच ठेवली असतील.

क्रँकवरचं बेअरिंग बाबांनी परत काढून दिलं, आणि दोन्ही घेऊन मी दुसऱ्या दिवशी मंदारच्या घरी गेले. बसने गेले, पत्ता युसूफभाईंनी दिला. त्याच्या आईने जाळीच्या दारातून माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या ग्रीसच्या पुडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो आंघोळ करतोय. आपण खालीच थांबा." मी खाली थांबले. मंदार केस पुसत आला. मी त्याला सगळं सांगितलं. सैल का असतं, तेलात कसं तापवलं, चढवल्यावर कसं शांत झालं. माझ्याकडे न बघता तो बेअरिंग बोटात धरून हलवत होता.

"म्हणजे काकांचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"हो. माझं चुकलं."

"पण त्यांना ऐकू येत नाही, हे तर खरं ना?"

"खरं."

"मग बरोबर आलं ते नशिबाने."

"नशिबाने नाही. बोटांनी बघितलं त्यांनी. कानाने बघायची गरजच नव्हती."

त्याने बेअरिंग कागदात गुंडाळलं. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही म्हणताय ना ताई? मग बसवतो." मी म्हटलं, "मी नाही, बाबा म्हणतायत." तो म्हणाला, "हो हो, तेच ते," आणि जिना चढून गेला.

बसवली त्याने. गाडी पुढे कित्येक वर्षं पळाली, कधी धरली नाही, आणि तो सगळ्यांना सांगायचा की खडकीच्या ताईंनी पास केलेली बेअरिंग आहेत. बाबांनी पारखलेली ती दोन बेअरिंगसुद्धा माझ्याच नावावर गेली. रविवारी पोरं परत यायला लागली. वडे खायची, बाबांना मोठ्याने "काय काका, बरे ना?" विचारायची आणि पार्ट माझ्यापुढे ठेवायची. बाबा स्टुलावर बसलेले असायचे. ते तिथे बसलेले असताना पोरं त्यांच्याबद्दल साध्या आवाजात बोलायची, बिचारे म्हणायची. बाबांनी पुन्हा कधी काही कानाला लावलं नाही. मी कित्येकदा त्यांना बोटांनी बघायला दिलं, ते बघायचे, पण बोलायचे नाहीत, मान हलवायचे, तीही कोणी बघत नसताना. पुढे त्या दुकानावर माझं घर चाललं, मुलं शिकली. लोक मला हुशार बाई म्हणतात. म्हणू देत.

पण मला सांगायचं आहे ते मंदारच्या घरून परत आले त्या संध्याकाळचं. गल्ली गजबजलेली होती. समोरचा शिंपी मशीनवर, युसूफभाई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, भाजीवाली आमच्याच पायरीशी. बाबा दुकानात वॉशर निवडत होते, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. बसमध्ये सगळा वेळ मी ते वाक्य घोकत आले होते. मी ते हळूच म्हटलं. "बाबा, माझं चुकलं."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना कळलं. पण हात कानाशी नेऊन म्हणाले, "मोठ्यानं बोल, पोरी. मले आयकू येत नाई. तूच तं सांगितलं सगळ्यायले."

रागाने म्हणाले नाहीत. वॉशर हातात धरून वाट बघत बसले. तिकडे शिंप्याचं मशीन थांबलं, युसूफभाईंनी मान वळवली. मी तोंड उघडलं. आदल्या दिवशी याच जागेवर माझा आवाज किती सहज निघाला होता.

"जेवायला चला!" मी ओरडले. भाजीवाली दचकली.

बाबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग "हाव" म्हणाले, वॉशर डब्यात टाकले आणि हात धुवायला उठले.